‘रन’ची एकशे बारा कार्डं

‘रन’ हा इंग्रजी शब्द दिसायला एवढासा, पण त्याने कार्डबाईंची तीन वर्षं खाल्ली. शब्दकोशाच्या कचेरीत त्यांना सगळे कार्डबाईच म्हणत. इंग्रजी शब्दाचा प्रत्येक अर्थ मराठीत कसा बोलतात ते ऐकायचं, कार्डावर उतरवायचं, आणि खाली बोलणाऱ्याची ओळख लिहायची, ही तिथली रीत. ऐकीव नसलेला अर्थ कोशात जात नसे. ‘रन’ची अशी एकशे बारा कार्डं झाली होती. त्यांत धोबी होता, नळ दुरुस्त करणारा होता, बाईंची सासू होती, आणि एका कार्डावर वारलेला नवराही होता.

सोमवारी बाई आल्या तर ती सगळी कार्डं रद्दीच्या पोत्यात, वर सुतळीची गाठ. नव्या संचालकांनी टेबलावर एक कागद ठेवला होता.

"कॉम्प्युटरने दोन मिनिटांत काढलेत अर्थ. दुपारी वाचा, सही करा, पान छपाईला जाऊ दे," ते म्हणाले.

बाईंनी कागद वाचला आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुमची यादी, तुमचं तोंड. मी वाचणार नाही आणि सहीही करणार नाही."

"मग उद्यापासून यायची तसदी घेऊ नका. मीच वाचतो."

वाचन म्हणजे कचेरीतली जुनी शिस्त. छपाईआधी पान सगळ्यांसमोर उभं राहून मोठ्याने वाचायचं. ऐकणाऱ्यांपैकी कोणीही, अगदी शिपाईसुद्धा, ‘असं कोणी बोलत नाही’ म्हणाला की ती ओळ कापायची. खुद्द संस्थापकांच्याही ओळी अशा गेल्या होत्या. पण ते दिवस वेगळे होते. आता नोकरीची भीती प्रत्येकाच्या मानगुटीवर होती, आणि सगळे मूग गिळून बसतील याचीच बाईंना धास्ती होती.

दुपारी संचालक उभे राहिले. "माझे नाक धावत आहे."

कोणी हूं की चूं केलं नाही. बाईंनी पोत्याकडे पाहिलं. तीन वर्षं पाण्यात गेली, असं त्यांना वाटलं.

मग सर्दीने बेजार झालेल्या टायपिस्ट ताईंनी रुमाल बाजूला केला. "सर, माझं सकाळपासून गळतंय. धावत कुठेच नाही. असं कोणी बोलत नाही."

संचालकांनी ओळ कापली नाही. पुढची वाचली. "शर्टाचा रंग धावला."

"असं कोणी बोलत नाही," शिपाईमामा दारातून म्हणाले. "रंग जातो, साहेब. आणि गेला की बायको बोलते."

"तो निवडणुकीत धावला."

मुद्रितं तपासणारे काका कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. ते खुर्चीतून उठले. "मी सोसायटीच्या निवडणुकीला दोनदा उभा राहिलो. दोनदा आपटलो, पण पळालो नाही. असं कोणी बोलत नाही."

आता हसू दाबणं कुणालाच जमेना. संचालकांनी कागद टेबलावर आपटला. "हा वाचनाचा नियम आजपासून बंद."

कार्डबाई उभ्या राहिल्या. "असं इथे कोणी बोलत नाही," त्या शांतपणे म्हणाल्या.

त्यांनी पोतं टेबलावर घेतलं. सुतळीची गाठ सुटेना, तेव्हा मामांनी कात्री दिली. वरचं कार्ड हाती आलं ते नेमकं नवऱ्याचं. शेवटच्या आजारपणात तो बोलला होता आणि बाईंनी रडत रडत लिहून घेतलं होतं. अक्षर तेवढं वाकडं आलं होतं.

"‘रन डाउन’," त्यांनी मोठ्याने वाचलं. "अंगात त्राण उरलं नाही गं. बोलणारे, आमचे हे."

नियमाप्रमाणे त्या थांबल्या. संचालकांसकट कोणीच काही बोललं नाही. बाईंनी कार्डावर सही केली आणि दुसरं काढलं.