डाव्या अंगाचा बैल

मित्रांनो, माझं नाव लाल्या. पळसदरीच्या हिरामणबाबांच्या गोठ्यातला मी एक म्हातारा बैल आहे. बोलायची सवय नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

मी आणि हौशा एकाच वर्षी जुंपले गेलो. मी डावीकडे, हौशा उजवीकडे. एकदा शिकवलेली ही जागा बैल जन्मभर सोडत नाही. भातखाचरांत गुडघाभर चिखल तुडवताना आम्हाला पाहून लोक म्हणत, "जोडी असावी तर अशी!" पुढे पॉवर टिलर आला आणि आम्ही गोठ्यात माश्या मारत बसलो.

मग बाबांची सून नम्रता हिने बांधालगत तंबू ठोकले. शहरातली माणसं राहायला येऊ लागली. सकाळी शेण दिसलं की नाक धरायची, आणि दुपारी त्याच शेणाने सारवलेल्या अंगणात बसून तांदळाच्या भाकऱ्या हाणायची. आम्ही त्यांना गाडीतून आसपासची गावं दाखवायचो. वळण आलं की मी हौशाच्या अंगावर जरा रेलायचो, तो मला तोलायचा.

गेल्या चैत्रात हौशा गेला. मला काहीच वाटलं नाही. खरंच सांगतो. पेंढा पुढ्यात तसाच पडून राही. डोळ्यावर बसलेली माशी हाकलायलाही मान हलत नसे.

मग नवा बैल आला, पांढराशुभ्र. बाबा तेव्हा लोधिवलीला लेकीकडे गेले होते. त्यांचा मुलगा स्वप्नील गाडी जुंपत होता, तेव्हा नम्रता म्हणाली, "अवो, नव्याला डावीकडं जुपा. पावणे त्याच बाजूनं फोटो काढतात."

मला उजवीकडे घातलं. पहिल्याच वळणावर मी हौशाकडे रेललो. तिथे हौशा नव्हता, रस्त्याची कड होती. गाडी चरात कलंडली आणि एका पाहुणीचं मनगट मुरगळलं. माझ्या पाठीवर फोक बसले, तेही दुसऱ्या कुणाला बसल्यासारखे.

"म्हातारा बिथरला," स्वप्नील म्हणाला. "उद्या टेंपो बोलावतो. बाजार दाखवू त्याला."

दुसऱ्या दिवशी टेंपो आला. मी आपणहून फळीवर पाय ठेवला. भीतीसुद्धा वाटली नाही. तेवढ्यात बाबा रिक्षातून उतरले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्याला जुपला व्हता कुठं?"

"उजवीला," स्वप्नील म्हणाला.

"आरं, बारा वर्सं तो हौशाला टेकून वळला. बाजू तुमी बदलली, आन् बिथरला तो?"

नम्रताने मान खाली घातली. "चुकलं, बाबा. मला ठावंच नव्हतं."

टेंपो रिकामाच परत गेला. बाबांनी मला डावीकडे जुंपलं, पांढऱ्याला उजवीकडे, आणि रिकामी गाडी वळणावर नेली. मी रेललो. नवखा पोरगा डगमगला, मग त्याने मला तोलून धरलं. त्याच्या अंगाला हौशाचा वास नव्हता. मला आनंदही झाला नाही. पण गोठ्यात शिरलो आणि चैत्रापासून घशात अडकलेला हंबरडा फुटला. बाबा माझ्या मानेवर हात ठेवून बराच वेळ उभे होते.

मित्रांनो, मुक्या जनावराला दावं सोडून बाजारात नेणं सोपं असतं. ते बिघडलं असं म्हणण्याआधी, त्याच्या शेजारचं कोण गेलंय, तेवढं एकदा पाहा.