आवाजासकट

फिटरने काचेच्या काउंटरवर रुमाल पसरला, त्यावर गेम खेळायचा कन्सोल ठेवला आणि शर्टाच्या खिशातली चिठ्ठी काढून दुकानदारापुढे सरकवली. कन्सोलच्या पाठीमागे कार्ड घालायची जी बारीक खाच असते, तिची लांबी, रुंदी आणि जाडी त्याने घरी व्हर्नियर लावून मोजली होती आणि दशांश चिन्हासकट लिहून आणली होती.

"या मापात बसेल असं सगळ्यात मोठं मेमरी कार्ड द्या," तो म्हणाला.

दुकानदार चाळिशीचा, अंगाने भरलेला, चष्मा कपाळावर चढवून बोलणारा गृहस्थ होता. त्याने चिठ्ठी वाचली, उलटी करून पाहिली आणि हसू दाबत जपून परत रुमालावर ठेवली.

"काका, ही कार्डं सगळी एकाच मापाची येतात. लहान घ्या, मोठं घ्या, अंगकाठी तीच."

"मग मोठं कशावरून म्हणायचं?"

"पोटावरून. आत किती मावतं त्यावरून."

"दिसण्यावर जाऊ नये. माणसांसारखंच झालं की," फिटरची बायको म्हणाली. ती त्याच्या उजव्या बाजूला उभी होती. त्याचा त्या बाजूचा कान साफ गेलेला असल्यामुळे टोमणा मारायचा असला की ती नेहमी तीच बाजू धरी.

दुकानदाराने दोन कार्डं काढून शेजारीशेजारी ठेवली. दोन्ही नखाएवढी. एक मधल्या क्षमतेचं, दुसरं एक टीबीचं. फिटरने वाकून पाहिलं. बोटात धरायला गेला तर दोन बोटांच्या पेरांमध्ये कार्ड दिसेनासं झालं. जास्त पाणी ओढायचं तर पंप मोठा लागतो, पंप मोठा म्हटला की पाया रुंद लागतो, या हिशोबावर त्याची उभी हयात गेली होती. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या पंपघरात तो लागला तेव्हा मिसरूडही धड फुटलं नव्हतं, आणि बाहेर पडला तेव्हा पेन्शन घेऊन कान तिथेच ठेवून आला, असं बायको सगळ्यांना सांगायची. डाव्या कानात समोरच्याचं बोलणं अजून उतरायचं, तेही ओठ दिसले तर.

कन्सोल खरं तर त्याचा नव्हता. मुलीने तो गेल्या वर्षी आईसाठी पाठवला होता, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिचा वेळ जावा म्हणून. वेळ जायचा तो असा गेला, की बाईंनी त्यात शेत घेतलं, विहीर खणली, गोठा बांधला आणि शेजारच्या टेकडीवरची पडीक जमीनही लागवडीखाली आणली. फिटर जेवायला हाक मारायचा, तर त्याला ऐकायला मिळायचं की मका काढणीला आलाय, जरा थांबा. शेतामागोमाग मासेमारी आली, मग कोडी आली, आणि कन्सोल गच्च भरला. म्हणून गेल्या आठवड्यात जेव्हा मुलीच्या कंपनीचा नवा गेम बाजारात आला आणि या दोघांनी मोठ्या उत्साहाने तो घ्यायला बटण दाबलं, तेव्हा पडद्यावर आलं की जागा शिल्लक नाही.

फिटरने सुचवून पाहिलं होतं की तूर्त ते शेत काढून टाकावं.

"आधी तुमची हत्यारांची पेटी भंगारात घाला," बायको म्हणाली होती, "मग माझ्या शेताला हात लावा."

मुलगी फोनवर म्हणाली होती की घाई काय आहे, सुट्टीत आले की माझ्या लॅपटॉपवर दाखवीन. पण फिटरला घाई होती. आज संध्याकाळी तिचा फोन यायचा होता, आणि त्याच्या आत त्याला तो गेम बघायचा होता.

त्याचं कारण त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. मुलगी गेमच्या कंपनीत आवाजाचं काम करायची. पावलांचे, दारांचे, पाण्याचे आवाज ती जमवायची, घडवायची. आजवर तिने जे जे केलं ते कौतुकाने बापाला आणून दाखवलं, आणि बापाने डोक्याला हेडफोन लावून, मान डोलावून दर वेळी एकच शब्द उच्चारला, "छान." त्याला त्यातलं फारसं काही ऐकू आलेलं नसायचं, आणि ते तिला ठाऊक आहे हेही त्याला ठाऊक होतं. मग ती तेवढ्याच गोडीने "थँक्यू, बाबा" म्हणून हेडफोन काढून घ्यायची. पंपघरात कुणी कामाला नुसतं छान म्हटलं तर फिटर त्या माणसाला मनातून खाली उतरवायचा. ज्याला काम कळतं तो एक तरी खोट काढतो, एक तरी गोष्ट विचारतो. या गेममध्ये सगळा आवाज पहिल्यांदाच मुलीच्या हाताखाली तयार झाला होता. या खेपेला तरी तिला सांगण्याजोगं एक खरं वाक्य आपल्याकडे असावं, एवढीच त्याची इच्छा होती.

"गेम कुठला घालायचाय यात?" दुकानदाराने विचारलं.

फिटरने नाव सांगितलं आणि तोंड मिटून घेतलं. गेम बाजारात आल्यापासून त्याने औषधवाल्याला सांगितलं होतं, बसच्या कंडक्टरला सांगितलं होतं, दात तपासायला गेला तेव्हा तोंडात हत्यारं असतानाही डॉक्टरला सांगायचा प्रयत्न केला होता. त्यावर बायकोने निघतानाच बजावलं होतं की दुकानात जाऊन पुराण लावायचं नाही. तो शब्दाला जागला.

दुकानदाराचा चेहरा खुलला. त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला. गेम भारी आहे, तो सांगू लागला, आपला स्वतःचा निम्मा खेळून झालाय. पण अंगाने फार अवाढव्य. तरी त्यावर एक युक्ती होती. त्यातला पूर्ण आवाजाचा भाग वेगळा उतरवावा लागतो, तो नाही घेतला तर सगळं मधल्या कार्डात आरामात बसतं. बहुतेक गिऱ्हाइकं तेच करतात. साधा आवाज असतोच, खेळायला काही अडत नाही.

"मोठ्याची किंमत दुपटीच्या वर जाते, काका. उगाच कशाला? आवाजाकडे कोण एवढं लक्ष देतं?"

बायको आता डाव्या बाजूला आली. हे त्याला ऐकू जायला हवं होतं.

"अहो, मधलं घ्या. दारावरची बेल तुम्हाला ऐकू येत नाही, शेजारीण शिव्या घालून परत जाते. पूर्ण आवाज घेऊन करणार काय?"

फिटरने दोन्ही कार्डांकडे पाहिलं. मग मोठ्यावर तर्जनी ठेवली.

"मला ऐकू येत नाही हा माझा प्रश्न झाला," तो म्हणाला. "त्यासाठी तिचं काम अर्धं घरात आणायचं का? आणायचं तर आवाजासकट आणायचं."

बायको पदर सारखा करून दुकानदाराकडे वळली, आणि ज्या पुराणाला तिने बंदी घातली होती ते पहिल्या अध्यायापासून स्वतःच सुरू केलं. त्यातला आवाज आमच्या मुलीनं केलाय. म्हणजे एकटीनं नव्हे, हाताखाली माणसं आहेत, पण मुख्य तीच. शेवटी नावं येतात त्यात बघा, वरच आहे तिचं. लहानपणी भांड्यांवर चमचे वाजवून डोकं उठवायची, तेव्हा आम्ही ओरडायचो.

दुकानदार ऐकता ऐकता अवघडला. त्याने मधलं कार्ड मुकाट्याने खणात टाकलं. मोठं कार्ड त्याने आपल्या संगणकाला लावून तपासून दाखवलं, कारण हल्ली बाहेर एक टीबीचं लिहून आत भलतंच थोडं असलेला बनावट माल फार फिरतो. कार्ड डबीत घालून देताना त्याने खाली बघत कबूल केलं की मी स्वतःही तो भाग घेतलेला नाही, आज घरी गेल्यावर घेईन. फिटरने त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि चिठ्ठी परत खिशात घातली.

गेम उतरायला दुपार गेली. पडद्यावर निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती आणि दोघं आळीपाळीने तिच्यावर पहारा देत होती. शेवटी आणखी एक चौकट आली. पूर्ण ध्वनी व कंपन, उतरवायचं का? बायकोने "हो" दाबलं, तेव्हा पट्टी पुन्हा पहिल्यापासून चालू झाली.

गेम होता एका बुडालेल्या शहराचा. एक मुलगी त्यात एकटी उतरते आणि जुनी पंपघरं एकेक करून चालू करत रस्ते कोरडे करत जाते. कन्सोल कुणी धरायचा यावर थोडी बोलाचाली झाली. अनुभव बायकोचा होता, पण हट्ट फिटरचा होता. त्याने दोन्ही हातांनी तो पाना धरावा तसा धरला आणि पहिल्या काही मिनिटांत त्या बिचाऱ्या मुलीला जिन्यावरून, गच्चीवरून आणि एकदा तर सरळ चालता चालता पाण्यात घातलं. बायको कपाळाला हात लावत शिकवत होती. मघापासून त्याच्या तळहातांना काहीतरी जाणवत होतं. मुलगी पाण्यात पडली की एक मऊ हिसका, लोखंडी जिन्यावर चढली की पावलागणिक कोरडी टिचकी. हेडफोन त्याने लावलाच होता, त्यातून नेहमीसारखी लांबची घरघर तेवढी येत होती.

मग पहिलं पंपघर आलं. आत दोन पंप होते. बायकोने दाखवलेलं बटण त्याने दाबलं आणि उजवा पंप सुरू झाला.

फिटर ताठ झाला.

खऱ्या पंपघरात कान कुणाच्याच कामाचे नसत. तिथे सगळी माणसं एकमेकांशी खुणांनी बोलत, आणि यंत्राशी बोलायचं तर त्याच्या अंगावर हात ठेवत. पाळी सुरू झाली की फिटर गुराच्या पाठीवरून फिरवावा तसा प्रत्येक पंपाच्या अंगावरून तळवा फिरवी, आणि कुठला पंप बरा आहे, कुठला कुरकुरतोय, ते त्याला तिथल्या तिथे कळे. ती थरथर त्याच्या हातांनी निवृत्तीनंतर पुन्हा अनुभवली नव्हती. आता ती जशीच्या तशी ओंजळीत होती. मोटारीने वेग घेताना होणारी ती पहिली अंगझाड, मग पाणी पकडल्यावर येणारं जडपण, मग एकसारखी लय.

त्याने डावा पंप सुरू केला. थोडा वेळ थांबला. बंद केला. पुन्हा सुरू केला.

"पुढे चला की, दार उघडलंय," बायको म्हणाली.

त्याने मान हलवली आणि डोळे मिटले. उजवा, मग डावा, मग नुसता डावा. बायकोने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि चहा टाकायला आत गेली. परत आली तेव्हाही तो त्याच पंपापाशी होता, आणि चहा निवला तेव्हाही.

मुलीचा फोन आला. बायकोने मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला, म्हणजे बापाला तिचे ओठ दिसावेत. कार्डाची गोष्ट ऐकून मुलगी आधी हसली, मग रागावली की एवढा खर्च कशाला केलात, आणि मग तिने सावकाश, तोंड कॅमेऱ्याकडे करून विचारलं,

"कसा वाटला, बाबा?"

विचारतानाच ती उत्तराला हसायला तयार झालेली होती.

फिटर म्हणाला, "ते पंप तू कुठून आणलेस?"

मुलीने सांगितलं, की नदीच्या वरच्या अंगाला एक जुनं पंपघर अजून चालू आहे, तिथे ती मुक्काम टाकून राहिली होती. यंत्राच्या अंगालाच चिकटवायचे मायक्रोफोन असतात, ते लावून तिने सगळं टिपलं. हातात जे जाणवतं तेही त्यातूनच घडवलं, ते काम तिने कुणाला दिलं नाही. ऑफिसात सगळे म्हणत होते की एकच तयार थरथर सगळीकडे लाव, कुणाला फरक कळणार आहे. त्यावरून भांडणंही झाली.

"दोन पंपांचं वेगवेगळं घेतलंस?"

"वेगवेगळं. का? तुम्हाला वेगळं लागलं?"

"उजवा ठीक आहे. डाव्याचं एक बेअरिंग जातंय," फिटर म्हणाला. "मध्येच एक बारीक ठेच लागते त्याला. अजून वरून काही दिसत नसेल. तू तिथल्या माणसांना फोन कर. बंद पडायच्या आत बदला म्हणावं, नाहीतर शाफ्ट खाईल."

पडद्यावर मुलगी हलेना. फोन अडकला की काय, म्हणून बायकोने त्यावर बोट आपटून पाहिलं.

"अहो, गेम कसा वाटला ते विचारतेय ती," ती नवऱ्याला जरा मोठ्याने म्हणाली.

"आई, थांब," मुलगी म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता, पण तो फिटरला कळण्यासारखा नव्हता. त्याला एवढंच दिसलं, की तिने मान खाली घातली, बाही डोळ्यांवरून फिरवली, टेबलावरचं कुठलंतरी पेन ओढलं आणि पुन्हा कॅमेऱ्याकडे तोंड केलं.

"बाबा, कुठलं बेअरिंग? मोटारीच्या बाजूचं की पलीकडचं?"

फिटरने बायकोकडे पाहिलं. बघ, काय विचारतेय, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. उत्तर त्याच्या जिभेवर आलं होतं. पण विचारणारं माणूस जाणतं होतं. अशा माणसाला अंदाजपंचे सांगून चालत नाही.

"थांब," तो म्हणाला, आणि कन्सोल पुन्हा दोन्ही हातांत घेतला. "चालवून बघतो."