पाहुण्यांचं नाक

भिंगरीला स्वस्थ बसलेलं घरात कुणी पाहिलं नव्हतं. आज तर न्हाणीघरातल्या लाल दिव्याखाली तिच्या पायांना जमीन लागत नव्हती. फोटोच्या कागदांच्या पाकिटात शेवटचा कागद उरला होता आणि आधीच्या सगळ्यांची तिनंच वाट लावली होती.

संध्याकाळी वर्तमानपत्राच्या कचेरीत जुन्या फोटोंचं प्रदर्शन उघडणार होतं. आजी तिथली पहिली बाई फोटोग्राफर. तिच्या फोटोंखाली कधी तिचं नाव छापलं गेलं नाही. आता मात्र भिंतीवर तिच्या नावाची पट्टी लागली होती आणि वरची चौकट रिकामी होती. आजीचे हात थरथरायचे, म्हणून निगेटिव्हवरून फोटो काढायचं काम नातीकडे आलं. बाबा म्हणाले, दुकानातून काढून आणतो की. त्यावर आजीनं असं काही पाहिलं, की ते मुकाट्यानं चहा ठेवायला गेले.

फोटो पुतळ्याच्या अनावरणाचा. दोरी ओढल्यावर पांढरा कपडा जो घसरला तो थेट प्रमुख पाहुण्यांच्या डोक्यावर. पुतळा उघडा, पाहुणे झाकलेले, आणि पहिल्या रांगेतली बडी मंडळी पाहुण्यांकडेच बघून टाळ्या वाजवतायत! पण भिंगरीच्या प्रत्येक कागदावर पाहुण्यांच्या जागी नुसता पांढरा डाग. डागाला टाळ्या वाजवणाऱ्यांना कोण हसणार?

"घाई नडते तुझी," स्टुलावरून आजी म्हणाली. "काळं झटकन उमटतं, की तुला वाटतं झालं. पांढऱ्यातलं सगळ्यात शेवटी येतं."

शेवटचा कागद ट्रेमधल्या रसायनात गेला. कोट आले, मिशा आल्या, पुतळा आला. कपडा कोराच. भिंगरीची बोटं वळवळायला लागली. सगळंच काळं पडलं तर? पट्टी रिकाम्या चौकटीखाली लटकणार, तीही आजीच्या नावाची.

"आजी, काढू?"

"हात मागे."

"अगं, पण ट्रे हलवायला नको?"

"तो मी हलवते. त्याला माझे हात झकास आहेत."

आजीनं ट्रेची कड धरली आणि रसायनावर बारीक लाटा उठल्या. भिंगरीनं पाठीमागे हात घट्ट गुंफले, ओठ चावला, टाचा आपटल्या. मग कपड्यावर एक चुणी उमटली. तिच्या शेजारी दुसरी. आणि चुण्यांमधून वर आलं एक भलंमोठं नाक, त्याच्याखाली आ वासलेलं तोंड.

भिंगरीला हसू फुटलंच.

"हसणं नंतर. आधी फिक्सरमध्ये टाक, नाहीतर काळा पडून हाही गेला."

खिदळत खिदळत तिनं चिमट्यानं कागद पलीकडच्या ट्रेत सोडला. नाक जागच्या जागी होतं. मग तिनं विचारलं, पाहुणे एवढं ओरडत काय होते.

"'बाई, फोटो काढू नका,'" आजी म्हणाली. "डोक्यावर कपडा, पुतळ्यालाच सांगत होते."