लिफ्टवाल्याचं पाल्हाळ

बाबांचं ऑपरेशन दहा दिवसांवर आलं होतं. घशातल्या गाठीबरोबर स्वरयंत्रही जाणार, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करणारा आणि तितकीच बडबड करणारा हा माणूस, आता मुका होणार! चष्म्याच्या दुकानात नोकरी करणाऱ्या त्यांच्या लेकीला काय करू नि काय नको असं झालं. तिने फोनवर पॉडकास्टचा क्लास लावला, आतल्या खोलीत भिंतींना रजया टांगल्या आणि बाबांना माइकसमोर बसवलं. एक गोष्ट तरी त्यांच्या आवाजात घरात राहायला हवी होती.

गोष्ट ठरलेलीच. आई तरुणपणी लिफ्टमध्ये अडकली होती, चौथ्या नि पाचव्या मजल्याच्या मध्ये, चांगला पाऊण तास. आत अडकलेल्याशी बोलत राहायचं, हा त्यांच्या धंद्यातला पहिला नियम. बाबा दाराबाहेरून बोलत राहिले, आणि दार उघडेपर्यंत लग्न जवळजवळ ठरलंच.

पण सरळ सांगतील तर ते बाबा कसले! बोल्टवरून मामेभावावर, मामेभावावरून त्याच्या सायकलवर. त्यात दर दोन वाक्यांनी "ऐकतेस ना?"

"बाबा, समोरच बसलेय की मी!"

"अगं, सवय ती. दाराआडून कळायचं कसं, आतली बाई शुद्धीवर आहे की नाही?"

क्लासच्या सरांनी बजावलं होतं, आधी लिहा, मग वाचा, पाल्हाळ कापा. लेकीने गोष्ट लिहून काढली. बाबांनी ती शाळेतल्या पोरासारखी वाचली, तरी कागदावर नसलेलं "ऐकतेस ना?" मध्ये यायचंच. तांदळातले खडे काढावेत तसं तिने ते वेचून काढलं, एकोणचाळीस वेळा. फोन भरला म्हणून मूळ रेकॉर्डिंगही पुसून टाकलं. शहाणीच ती!

ऑपरेशन झालं. बाबा घरी आले ते गळ्याला भोक आणि हातात वही घेऊन. रविवारी सकाळी तिघं टेबलाशी बसली आणि तिने गोष्ट लावली. अकरा मिनिटं, कुठे अडखळणं नाही.

"छान झालंय गं," आई म्हणाली. "पण यांनी मला एकदाही विचारलं नाही."

"काय?"

"ऐकताय ना म्हणून. लग्नाआधी 'ऐकताय' होतं, मग 'ऐकतेस' झालं. बाकी काय बोलत होते देव जाणे, दार केवढं जाड! तेवढंच कानावर यायचं. त्याच्यावरच तग धरला मी."

लेकीने सगळा फोन धुंडाळला. बैल गेला आणि झोपा केला!

"मीच कापलं ते. बाबा, एकदा म्हणा ना," ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली. आता रडून तरी काय उपयोग होता?

बाबा चिडले नाहीत. वही बाजूला सारून ते आईकडे वळले. ओठ हलले. गळ्यातून नुसता वारा आला.

"ऐकतेय हो," आई म्हणाली.

लेकीचा अंगठा सवयीने रेकॉर्डच्या बटणावर गेला होता. संध्याकाळी तिने ते रेकॉर्डिंग लावून पाहिलं. त्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आहे, थोडी फुसफुस आहे आणि मग आईचं "ऐकतेय हो." प्रश्न नाही.