बारीक डोळ्यांचे जाळे

मित्रांनो, मी एक जुने जाळे आहे. जाळ्याच्या भोकाला मासे धरणारे ढिवर लोक डोळा म्हणतात. माझे डोळे फार बारीक आहेत. त्यांतून लाखोरी डाळीचा दाणा निसटतो, पण माशाचे पिल्लू निसटत नाही. हे सांगताना आजही माझी मान खाली जाते.

सावली गावाच्या पुढे, वैनगंगेच्या काठी ढिवरांची एक वस्ती आहे. तिथे एकोणीसशे बावन्न साली गुणाबाईने मला विणले. तिच्या हातचे जाळे मूल गावच्या बाजारात नावाने ओळखले जाई. पण माझ्यासारखे जाळे तिने आधी कधी विणले नव्हते आणि पुढेही कधी विणले नाही.

त्याचे असे झाले. मूलच्या शाळेत अब्दुल वहाब नावाचे विज्ञानाचे शिक्षक होते. नदीत कोणते मासे आहेत, त्यांची पिल्ले कुठे वाढतात, याचा शोध घेण्याचा त्यांना ध्यास लागला होता. सुटी असली की ते सायकल हाणत नदीवर यायचे. एकदा ते गुणाबाईच्या ओसरीवर येऊन बसले.

"गुणाबाई, मले एक बारीक जाळं पायजे. पिल्लं मोजाची आहेत."

गुणाबाईने हातातली सुई खाली ठेवली. "पिल्लं धराचं जाळं आमी नाई इनत, गुरुजी. पिल्लू धरलं तं उद्या मोठा मासा कुठून येईन?"

"धराची नाईत. मोजाची अन् सोडून द्याची. माझी जबान आहे."

गुणाबाईने आठ दिवस विचार केला. मग सूत आणले. त्या उन्हाळाभर ती मला विणत राहिली आणि शेवटी येनाच्या झाडाच्या सालीच्या रंगात भिजवून तिने मला उन्हात पसरले.

ती पहिली तीन वर्षे माझ्या आयुष्यातली चांगली वर्षे. गुणाबाईचा मुलगा इतवारी आणि वहाब गुरुजी मला पाण्यात उतरवत. पिल्ले वर आली की पाण्याने भरलेल्या घमेल्यात घालत. गुरुजी एकेक पिल्लू ओल्या पट्टीवर ठेवून मोजत, वहीत लिहीत, आणि इतवारी त्याला हलक्या हाताने नदीत सोडी. मरळ, रोहू, वाम, शिंगाडा. इतवारी नुसत्या शेपटीवरून पिल्लू ओळखी. गुरुजी ते नावही वहीत लिहून घेत.

त्रेपन्नच्या श्रावणात नाला जिथे नदीला मिळतो तिथे मला ओढले. एका ओढीत चारशे बारा पिल्ले निघाली. गुरुजी गुडघाभर चिखलात उभे राहून हसू लागले. "इतवारी, नदीचा पाळणा इथीच आहे!"

मला फार अभिमान वाटला. पाळणा सापडला तो माझ्यामुळे. पण मित्रांनो, पाळण्याचा पत्ता मला कळला, तसा इतवारीलाही कळला होता.

चोपन्न साल सरता सरता गुरुजी पुढच्या शिक्षणासाठी नागपूरला गेले. जाताना त्यांनी मला इतवारीच्या हाती दिले. "मी परत येईपर्यंत हे पाण्यात घालू नका." इतवारीने मला आढ्याला टांगले. सहा महिने मी तिथेच होते.

पंचावन्नच्या पावसाळ्यात नदी तीन आठवडे दुथडी भरून वाहत होती. मोठी जाळी टाकायची सोय नव्हती. इतवारीची बायको धुरपता नुकतीच बाळंत झाली होती आणि घरात पेजेपुरतेच तांदूळ होते. गुणाबाई लेकीकडे मूलला गेली होती. इतवारीने वर आढ्याकडे पाहिले.

"एकच खेप," तो म्हणाला.

"माय काय म्हनन?" धुरपताने विचारले.

"तिले कोन सांगते?"

त्याने मला थेट नाल्याच्या तोंडाशी नेले. मी भरून वर आले. नेहमीच्या सवयीने मी घमेल्याची वाट पाहिली. घमेले नव्हतेच. इतवारीने पिल्ले काठावरच्या टोपलीत ओतली. ती बराच वेळ तडफडली. त्याने त्यांच्याकडे पाहिले नाही. मला मात्र पाहावे लागले.

एकच खेप एकावर थांबली नाही. टोपली शेजाऱ्यांनी पाहिली. बिरजू नावाच्या शेजाऱ्याने मला अंगणात पसरले, बोटांनी माझे डोळे मोजले आणि तसेच जाळे विणून घेतले. मग दुसऱ्याने, तिसऱ्याने. मी नुसते गुन्हेगार नव्हते, मी गुन्ह्याचा नमुना होते. गुणाबाई परतली तेव्हा छपरावर पिल्ले वाळत होती. ती दोन दिवस जेवली नाही. मी फाटले तेव्हा तिने मला हात लावायचे नाकारले. इतवारीने स्वतःच गाठी मारल्या.

सत्तावन्नच्या श्रावणात वहाब गुरुजी परत आले. तीच वही, तेच घमेले, नाल्याचे तेच तोंड. पहिल्या ओढीत नऊ पिल्ले निघाली. दुसऱ्या दिवशी सहा. गुरुजींनी मला उन्हात धरून कुठे फाटले आहे का ते पाहिले.

"काऊन असं?" त्यांनी विचारले.

काठावर उभी असलेली गुणाबाई बोलली, "जाळं फाटलं नाई, गुरुजी. तीन बरसाती यानंच पाळणा उपसला. माह्या हातचं जाळं अन् माह्या पोटचा पोरगा."

गुरुजींनी वही मिटली. "कुसूर माझा आहे, बाई. इनून मीच घेतलं, अन् जाताना इथीच ठेवून गेलो."

त्या संध्याकाळी वस्ती जमली. मृगापासून पोळ्यापर्यंत नाल्याच्या तोंडाशी कोणी जाळे टाकू नये, असे इतवारीने सर्वांपुढे म्हटले.

"मंग खावाचं काय?" बिरजू उसळला. "पयले तूच टाकलं ना?"

"मीच टाकलं," इतवारी म्हणाला. "म्हनूनच पयले मी थांबतो."

त्याने मला सर्वांदेखत गुरुजींच्या हाती दिले. वस्तीतल्या आणखी दोघांनी त्याच दिवशी आपली बारीक जाळी आणून दिली. बिरजूने पुढच्या वर्षी. त्या वर्षी इतवारीच्या घराने धानाच्या रोवणीला जाऊन आणि पुढे तलावातली शिंगाड्याची फळे काढून दिवस काढले. एकोणसाठच्या श्रावणात एका ओढीत एकसष्ट पिल्ले आली. त्यांत वाम एकही नव्हती.

आता मी मूलच्या शाळेत काचेच्या कपाटात आहे. चिठ्ठीवर आधी एवढेच लिहिले होते, "वैनगंगेतील माशांच्या अभ्यासासाठी वापरलेले जाळे". मुले कौतुकाने पाहत आणि मी आतल्या आत सुरकुतून जाई. एकदा इतवारी शाळेत आला. त्याला वाचता येत नव्हते. त्याने गुरुजींना चिठ्ठी वाचायला सांगितली आणि ऐकून मान हलवली.

"अर्धंच लिवलं, गुरुजी."

मग वर्गातल्या पोरांसमोर उभे राहून त्याने उरलेले अर्धे सांगितले. त्याने काही गाळले नाही. सांगून झाल्यावर तो मुलांना म्हणाला, "नदीत जे सापडते ते सारंच आपलं नसते, बाबू."

मित्रांनो, आता माझ्या चिठ्ठीवर दोन ओळी आहेत. दुसरी अशी, "याच जाळ्याने तीन पावसाळे नदीचा पाळणा उपसला". कपाटाशी आलात तर दुसरी ओळ आधी वाचा.