वाडीचा रिपोर्ट

मृणालिनीने संमतिपत्रांचा गठ्ठा चौथ्यांदा सरळ केला. तो वाकडा झालाच नव्हता. कुणी हात लावला तर होणार ना! ख्राइस्टचर्चच्या हॉर्नबी भागातल्या त्या हॉलमध्ये दर शनिवारी चिली, पेरू, कोलंबियाकडच्या बायका मुलांना स्पॅनिश शिकवायला जमत. त्यांनी तिला कॉफी दिली, करंजीसारखं काहीतरी गरमगरम खायला दिलं, आपापल्या मुलांची नावं सांगितली. सही मात्र एकीनेही केली नाही.

मधुमेहाच्या पाहणीत ख्राइस्टचर्चच्या लॅटिन अमेरिकन कुटुंबांचा वेगळा गट ठेवायचा, तर आज वीस सह्या हव्या होत्या. नाहीतर ही सगळी माणसं ‘इतर’ या रकान्यात जाणार. आणि इतर म्हणजे कुणीच नाही, हे आरोग्यखात्याच्या ऑफिसात पाच वर्षं काढल्यावर तिला पक्कं ठाऊक झालं होतं.

शेवटी ही शनिवारची शाळा चालवणारी मार्सेला समोर येऊन बसली. पन्नाशीची, चिलीची, बोलायला रोखठोक.

“तीन वर्षांपूर्वी तुमच्याच ऑफिसची माणसं आमचं रक्त घेऊन गेली,” ती इंग्रजीत म्हणाली. “रिपोर्ट पाठवतो म्हणाली. आम्ही अजून वाट बघतोय.”

“मी चौकशी करते,” मृणालिनी म्हणाली आणि पेनाचं टोपण काढून पुन्हा लावलं. चौकशी कसली करायची? त्या बाटल्यांवर नावाच्या चिठ्ठ्या तिनेच चिकटवल्या होत्या. मग वरचे साहेब बदलले, काम गुंडाळलं गेलं आणि सदतीस जणांचे रिपोर्ट तिच्याच कपाटात राहिले.

शेजारच्या खुर्चीत तिचे वडील बसले होते. रावसाहेब सहा महिन्यांसाठी कराडहून आले होते. घरात एकटे कंटाळतात म्हणून ती त्यांना बरोबर घेऊन फिरायची. मोज्यांवर जॅन्डल्स, म्हणजे इकडच्या रबरी स्लिपरा, घालू नका, हे सांगून सांगून ती थकली होती.

“काय म्हणतात बाई?” त्यांनी विचारलं.

“मागचे रिपोर्ट मिळाले नाहीत म्हणतात, आप्पा.”

“मग रागावणारच की.”

मृणालिनीला एकदम सुचलं. ती मार्सेलाकडे वळली.

“माझे वडील भारतात हिवतापाच्या खात्यात होते. चौतीस वर्षं घरोघर जाऊन बोटातून रक्त घ्यायचे. खेड्यातल्या माणसांनी त्यांना कधी नाही म्हटलं नाही.”

हे ती शाळेत असल्यापासून सांगत आली होती, आणि दरवेळी तिची मान ताठ व्हायची.

मार्सेलाने रावसाहेबांकडे नीट पाहिलं. “आणि रिपोर्ट सांगायला परत जायचे?”

“जायचेच.”

“त्यांना विचार.”

मृणालिनीने विचारलं. रावसाहेबांनी कप खाली ठेवला.

“एवढ्या वर्षांत हे मला कुणी विचारलंच नाही,” ते म्हणाले. “बहुतेक ठिकाणी जायचो. एका वाडीत नाही गेलो. डोंगरातली वाडी. लोक दारच उघडेनात. महिनाअखेर आलेली, वरून टार्गेट. मग ओढ्याकाठी बसलो, माझी पाची बोटं टोचली आणि तपासणीच्या तीस काचांवर माझंच रक्त लावलं. नावं त्यांची घातली.”

“आप्पा, काय सांगताय हे?”

“खरं तेच सांगतोय. रिपोर्ट आला, वाडीत हिवताप नाही. म्हणून तिकडं फवारणी गेली नाही. त्या पावसाळ्यात दोन पोरं गेली. तुझ्या आईलाही बोललो नव्हतो मी.” त्यांनी मार्सेलाकडे हात केला. “सांग त्यांना.”

मार्सेला उत्तराची वाट बघत होती. तिला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. ‘हो, नेहमी जायचे,’ एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं, आणि सह्याही झाल्या असत्या. मृणालिनीला वडिलांची कणव आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच. पलीकडच्या खोलीत मुलं स्पॅनिश प्रश्नांना बिनधास्त इंग्रजीत उत्तरं देत होती.

तिने सांगायला सुरुवात केली. वाडी, ओढा, पाची बोटं. मग दोन पोरांपाशी आली. ती थांबली, घोटभर पाणी प्यायली आणि तेही सांगितलं.

“तुमचे रिपोर्ट माझ्या कपाटात आहेत,” ती त्याच आवाजात पुढे म्हणाली. “सदतीस. त्यातल्या नऊ जणांची साखर वाढलेली होती. मला माहीत होतं.”

मार्सेलाला क्षणभर उमगेना. तिने रावसाहेबांकडे बोट केलं.

“हे त्यांनी सांगितलं?”

“नाही. हे माझं आहे.”

मार्सेलाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग तिने विचारलं, “तुझं ऑफिस किती लांब आहे?”

“गाडीने वीस मिनिटं.”

“शाळा बाराला सुटते. त्याआधी रिपोर्ट घेऊन ये.”

मृणालिनीने गाडीची किल्ली उचलली. संमतिपत्रं टेबलावर तशीच राहिली.

“चला, आप्पा.”

“तू ये जाऊन,” रावसाहेब म्हणाले आणि खुर्चीत मागे सरून बसले. “बाईंना सांग, तू येईपर्यंत मी इथंच आहे.”