बुरुल म्हणजे वळ

नोंदणी कचेरीत बुरुलच्या टेबलावर नावाची पाटी होती. समोर येऊन बसणारा माणूस पिशवीतून कागद काढायच्या आधी ती पाटी वाचायचा, आणि वाचली की त्याला राहवायचं नाही.

"किती बहिणी तुम्ही?"

"पाच."

"तुम्ही शेवटच्या ना?"

"शेवटची."

"आणि पाठीवर?"

"भाऊ."

"बघा! लागू पडलं!" असं म्हणून माणूस खूश व्हायचा. मग जन्माचा दाखला नाहीतर मयताचा कागद पुढे सरकवायचा.

आमच्याकडे हे नाव ऐकलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. बुरुल म्हणजे वळ. घरात ओळीने पोरी झाल्या की शेवटच्या पोरीला हे नाव ठेवायचं, म्हणजे तिच्या मागून येणारा जीव वाट बदलेल आणि मुलगा होऊन येईल. नाव पोरीचं, हाक दुसऱ्याला. हल्ली शहाणी माणसं असं नाव ठेवत नाहीत, त्यामुळे जिथे कुठे ते ऐकू येतं तिथे लोक मान वर करून बघतात.

शाळेत कवायतीला मास्तर "उजवीकडे बुरुल!" असा हुकूम द्यायचे, कारण वळायचा हुकूमही तोच. अख्खी रांग उजवीकडे वळायची आणि खिदळायची. मास्तरही हसायचे. चांगले होते ते तसे, पण हसायचे.

एकोणिसाव्या वर्षी तिला बघायला आले तेव्हा मुलाच्या आईने तिला चालून दाखव म्हटलं नाही, की चहा कसा करतेस ते पाहिलं नाही. पाव मोडता मोडता एकच विचारलं, "हिच्याच पाठीवर मुलगा झाला ना?" हो म्हटल्यावर तिने कानातले डूल काढले आणि बुरुलच्या कानात घातले. लग्न झालं. पहिली मुलगी झाली, दुसरीही मुलगीच झाली. दुसरीच्या वेळी सासू दवाखान्याच्या दारातूनच परत गेली, आणि जाताना म्हणाली, "हिचं वळणं माहेरीच संपलेलं दिसतंय." तीन महिन्यांनी बुरुल दोन पोरी घेऊन माहेरी आली. डूल मागायला मात्र दुसऱ्याच दिवशी माणूस आला होता.

त्याला आता वीस वर्षं झाली. वडील गेले. पोरी मॉस्कोत एका शिवणाच्या कारखान्यात लागल्या. घर भावाचं झालं. भावाचं नाव तिलेक, म्हणजे मागणं. अंगणातल्या उन्हाळी स्वयंपाकघराला भाऊबंदांनी चूल बसवून दिली होती, त्यात बुरुल राहायची. आई, म्हणजे आमच्या बोलीत आपा, मोठ्या घरात तिलेकपाशी. कालीपा आपाला सगळा गाव टरकून असे. पाच पोरींनंतर मुलगा काढलेली बाई ती.

तिलेकची बायको नूरझादा बुरुलला एजे म्हणायची, मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. कारखान्यातून पोरींनी पाठवलेल्या कापडाचे झगे दोघी मिळून शिवायच्या. नूरझादाला दोन मुली होत्या. मार्चमध्ये, अजून अंगणात गुडघाभर बर्फ असताना, तिसरी झाली. शेजारणीने कुंपणावरून ओरडून विचारलं, "घोडा धरणारा की चाळीस घोडे?" आमच्याकडे असंच विचारतात, मुलगा की मुलगी; मुलगी म्हणजे तिच्या लग्नात देज म्हणून येणारे घोडे. आपाने धुराडं साफ करायला घेतलं.

चौथ्या दिवशी आपा आणि तिलेक कचेरीत आले. रांग होती, पण आपा सरळ टेबलापाशी गेली.

"लिही," ती म्हणाली. "बुरुल."

"काय बुरुल?"

"पोरीचं नाव. बुरुल लिही."

बुरुलने लेखणी खाली ठेवली. रांगेतली माणसं पाटीकडे बघायला लागली होती.

"आपा, दुसरं काहीही ठेवा. हे नको."

"का? तुझ्या नावाने मला मुलगा झाला. तुझं काय वाईट झालं?"

ते तिने मनापासून विचारलं होतं. उत्तर काय असू शकतं याचा तिला खरोखरच पत्ता नव्हता. बुरुलने भावाकडे पाहिलं.

तिलेक हसला. "अगं एजे, मान आहे हा तुझा. तुझ्या नावाचा शिक्का रोज किती कागदांवर पडतो. आण, कुठे सही करू? गाडी चालूच ठेवलीय बाहेर, मेंढ्यांचा बाजार उठेल."

त्याने कोऱ्या अर्जावर सही ठोकली, आणि दोघे निघून गेले.

दुपारच्या सुट्टीत बुरुल तो अर्ज पिशवीत घालून दवाखान्यात गेली. नूरझादा भिंतीकडे तोंड करून पडली होती. पोर कुशीत.

"काय नाव सांगितलं त्यांनी?" नूरझादाने न वळताच विचारलं.

"माझं."

नूरझादा रडायला लागली. आवाज नाही, नुसते खांदे. मग म्हणाली, "एजे, वाईट वाटून घेऊ नका. पण ते नको. तुमच्यासारखं आयुष्य तिला नको."

बुरुलला वाईट वाटलं, पण ते तिने गिळलं. "तुला काय हवंय?"

"तानसुलू."

म्हणजे पहाटेसारखी देखणी. बुरुलने पोरीच्या तोंडावरचं फडकं बाजूला केलं. काही देखणी वगैरे नव्हती, लालभडक आणि सुरकुतलेली होती. पण नाव ऐकायला बरं वाटलं. तिने दोनदा म्हणून पाहिलं आणि तिथेच, खाटेच्या कडेला कागद टेकवून, अर्ज भरला. नूरझादाने सही केली. संध्याकाळच्या आत नोंद झाली, शिक्का बसला.

दाखला आपाने न वाचताच पेटीत ठेवला. घरात पोरीला बुरुल म्हणायचे. नूरझादा एकटी असली की तिला दूध पाजताना तानसुलू म्हणायची, आणि पोर त्याच नावाला जास्त हसायची. वर्षभर असं चाललं. ते वर्ष बुरुलच्या आयुष्यातलं सगळ्यात बरं वर्ष होतं. तिने एक गोष्ट केली होती, आणि ती टिकली होती.

पुढच्या वसंतात नूरझादाला पुन्हा दिवस गेले. या वेळी पोट पुढे टोकदार आलं, आंबट खावंसं वाटेना, मांसच हवं झालं, तेव्हा आपाने ओळखलं की हा मुलगा. शहरातल्या यंत्रावरही मुलगाच दिसला. आपाने मेंढा राखून ठेवला. धाकट्या पोरीला ती आता मांडीवर घ्यायला लागली, बोर्सोक, म्हणजे तळलेल्या पिठाचे तुकडे, भरवायला लागली. "माझी गुणाची बुरुल," म्हणायची, "वळवलंस बाई."

नूरझादाला आठवा महिना असताना लस टोचायला पोरीला दवाखान्यात नेलं, तेव्हा आपा बरोबर होती. परिचारिकेने दारातून हाक मारली, "तानसुलू, तिलेकची मुलगी!"

कुणी उठेना. परिचारिकेने पुन्हा हाक मारली. आपाच्या मांडीवरची पोर खाली घसरली आणि दुडुदुडु दाराकडे चालायला लागली.

त्या संध्याकाळी तिलेकने बुरुलचा पलंग उन्हाळी स्वयंपाकघरातून उचलून बर्फात टाकला. गाद्या, शिवणयंत्र, चहाची भांडी, सगळं. अंगावर हात टाकला नाही. आपा ओट्यावर उभी होती.

"पोटात मुलगा आहे हिच्या," आपा म्हणाली, "आणि तू त्याची वाट मोडून ठेवलीस. स्वतःला मुलगा झाला नाही म्हणून भावालाही होऊ देईनास. विषारी आहेस तू."

"आपा, मुलगा पोटात आहे ना? मग नावाने काय होतंय?"

"तोंड बंद!"

बुरुलने नूरझादाकडे पाहिलं. नूरझादा दारात पोट धरून उभी होती. तिने सांगायला हवं होतं की नाव मी निवडलं, सही माझी आहे. तिने सांगितलं नाही. बुरुलनेही सांगितलं नाही. शेजाऱ्याच्या ट्रकमध्ये सामान घालून ती पावाच्या भट्टीमागच्या एका खोलीत राहायला गेली. खोली ऊबदार होती, तेवढं बरं.

सतरा दिवसांनी नूरझादाला मुलगा झाला. मेलेला.

नाळेचा फास बसला होता, डॉक्टरने तसं कागदावर लिहून दिलं. मृत जन्माची नोंद करायला तो कागद कचेरीत आला, आणि बुरुलने त्यावर सही करून तो नोंदवला. गावात मात्र एकच बोललं गेलं. मुलगा उंबऱ्यापर्यंत आला होता, त्याला हाक मारणारं नाव घरात नव्हतं, म्हणून परत फिरला. भट्टीवर पाव घ्यायला येणाऱ्या बायका बुरुलला बघून बोलणं थांबवायच्या. एकीने, जिची सून गरोदर होती, तिने तर बुरुलचा हात लागलेला पाव परत टोपलीत टाकला.

चाळीस दिवस झाल्यावर नूरझादा कचेरीत आली. एकटीच, धाकटीचा हात धरून. बुरुल उठून उभी राहिली.

"बस. चहा सांगू?"

"नको." नूरझादाने अर्ज पुढे केला. नाव बदलण्याचा. खाली दोघांच्याही सह्या. "हिचं नाव बुरुल करा."

"नूरझादा, तूच म्हणाली होतीस…"

"मी ओली बाळंतीण होते! मला काय कळत होतं? मी रडले, तुम्ही लिहून मोकळ्या झालात. तुम्ही मोठ्या होतात, तुम्हाला कळायला हवं होतं."

"नाळेचा फास होता. तू कागद वाचलास ना?"

"वाचला. त्या कागदावर तुमचीच सही आहे." तिचे ओठ पांढरे पडले होते. "माझा मुलगा होता तो, एजे. केस होते त्याला. काळे, कानापर्यंत. नाव लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? तुम्ही नाही का जगलात त्या नावाने? जगलातच की."

मागच्या टेबलावरचा माणूस हळूच म्हणाला, "बुरुल बाई, द्या इकडे, मी करतो." बुरुलने ऐकलं नाही.

"करते बदल," ती म्हणाली. आणि मग जे म्हणाली ते म्हणायला नको होतं, पण वीस वर्षांत कुणावर काढला नव्हता तो राग त्या बाळंतिणीवर निघाला. "करते. हिला बघायला लोक येतील ना, तेव्हा तू शेजारी बस. तिच्या तोंडाकडे न बघता ते काय विचारतात ते ऐक. आणि एवढं करून पुन्हा मुलगीच झाली तर माझ्याकडे नाव मागायला येऊ नकोस. माझ्याकडे हे एकच आहे."

नूरझादाने हात उचलला, पण मारलं नाही. टेबलावरची पाटी तिने ढकलली, ती खाली पडून तिचा कोपरा उडाला.

आवाजाने पोर घाबरली आणि रडायला लागली. बुरुलच्या तोंडून सवयीने निघालं, "तानसुलू, ये इकडे." पोर रडता रडता तिच्याकडे वळली. नूरझादाने तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे फिरवलं.

"तू बुरुल आहेस. काय आहेस?"

पोरीला अजून नीट बोलता येत नव्हतं. नूरझादाने हनुवटी सोडली नाही. दोनदा, तीनदा विचारलं. शेवटी पोर "बुलू" म्हणाली, आणि बुरुलने शिक्का मारला.

पुढच्या वर्षी नूरझादाला चौथी मुलगी झाली. तिचं नाव काय ठेवलं ते बुरुलने विचारलं नाही, ती नोंद दुसऱ्या टेबलावर झाली. त्याच हिवाळ्यात तिलेकने पलीकडच्या खोऱ्यातली एक विधवा, दोन मुलांची आई, मौलवीकडून निकाह लावून घरात आणली. आपाने स्वतः तिच्या डोक्याला सुनेचा रुमाल बांधला.

कोर्टाचा निकाल घेऊन नूरझादा घटस्फोटाच्या दाखल्यासाठी आली तेव्हा बाहेर भाड्याची गाडी उभी होती. टपावर गाद्या, आत चार पोरी. माहेरी, तलासला निघाली होती. दोघी एकमेकींशी मोजकंच बोलल्या. पासपोर्ट द्या. इथे सही. इथेही. नूरझादाचे दोन दात पडले होते. कसे पडले ते तिने सांगितलं नाही.

दाखला हातात देताना बुरुल म्हणाली, "आता तिलेकची सही लागत नाही. कोर्टाने पोरी तुझ्याकडे दिल्यात. हवं असेल तर तिसरीचं नाव परत पहिलं करून देते. आत्ता. अर्जही मीच लिहिते."

नूरझादाने खिडकीतून गाडीकडे पाहिलं. काचेला नाक लावून तिसरी पोर बसली होती, चार वर्षांची.

"राहू दे, एजे," ती म्हणाली. "मागच्या महिन्यात तिला तानसुलू म्हणून हाक मारून पाहिली. तिने मागे वळून पाहिलं, दुसरं कोण आलंय म्हणून."

तिने दाखल्याची घडी छातीशी खोचली आणि बाहेर गेली. गाडीवाल्याला उशीर झाला होता, तो तिच्यावर ओरडत होता.